आवाजाची पट्टी

केस पिकले कीं आरसा सांगतो, दांत हलला कीं जीभ सांगते, आणि जिन्याच्या विसाव्या पायरीवर गुडघे जें सांगतात तें तर ऐकून घ्यावेंच लागतें. वार्धक्याच्या या सर्व वार्ता आपणांस थेट मिळतात. आवाजाची मात्र गोष्ट निराळी आहे. स्वतःचा आवाज आपण बाहेरच्या हवेंतून ऐकतों तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकतों. हाडें त्यांत आपला खर्ज मिसळतात, आणि ती मिसळण इतकी अंगवळणी पडलेली असते कीं यंत्रांतून ऐकूं येणारा आपलाच आवाज आपणांस परक्याचा वाटतो. त्यामुळें आवाज बदलला ही बातमी ज्याची त्याला सर्वांच्या शेवटीं कळते. आणि तीही बहुधा अनोळखी माणसाकडून.

आमच्या घरीं ती टेलिफोनवरून आली. माझे वडील आतां पंच्याऐंशी वर्षांचे आहेत. एका दुपारीं मी मोबाइल घरींच विसरून बाहेर गेलों असतां तो वाजला आणि त्यांनीं उचलला. पलीकडे आमच्या महाविद्यालयाचा एक नवा कारकून होता. “काकू, सर घरीं आहेत कां?” असें त्यानें मोठ्या अदबीनें विचारलें. वडिलांनीं “नाहींत” एवढेंच सांगून फोन ठेवला आणि मी परत येतांच, “तुझ्या कॉलेजांत बहिरीं माणसें नेमतात कां रे?” असा मला सवाल केला. पस्तीस वर्षें शाळामास्तरकी केलेल्या, ज्यांच्या एका हाकेनें पटांगणाच्या टोंकाचीं पोरें जागच्या जागीं थिजत, त्या माणसाला कोणी काकू म्हणावें हें त्यांना लागलें. पण खरें सांगायचें तर कारकुनाचे कान शाबूत होते. पुढच्याच आठवड्यांत त्यानें पुन्हा फोन केला, तेव्हां तो माझ्या पत्नीनें उचलला. आणि त्यानें तिला “नमस्कार सर” म्हटलें. ती हंसली. तिचें हंसणें जरा उशिरा आलें, हें माझ्या लक्षांत आलें.

त्याच दिवसांत माझा भाचा शिक्षणासाठीं आमच्याकडे राहावयास आला. त्याचें वय चौदा. आला तेव्हां त्याचा आवाज शाळेच्या घंटेसारखा होता. दिवाळीपर्यंत त्याच घंटेला तडा गेला. ‘मामी’ या दोन अक्षरी शब्दांतलें पहिलें अक्षर वरच्या सप्तकांत आणि दुसरें खालच्या सप्तकांत, अशी त्याची तऱ्हा होऊन बसली. आपल्या भाषेंत याला ‘घांटी फुटणें’ म्हणतात. शब्द मोठा नेमका आहे. फळ फुटावें, अंकुर फुटावा, आणि कांच फुटावी, हे तिन्ही अर्थ त्यांत एकदम आहेत. अशा रीतीनें एका छपराखालीं तीन गळे एकाच वेळीं आपली जागा सोडून निघाले होते: एक वर चाललेला, दोन खालीं चाललेले. आणि गंमत अशी, कीं वर जाणारा म्हाताऱ्या पुरुषाचा होता, आणि खालीं येणाऱ्यांपैकीं एक बाईचा होता.

तीस वर्षें मी शेक्सपिअर शिकवीत आलों. एल्सिनोरच्या राजवाड्यांत नाटकमंडळी येते तेव्हां हॅम्लेट त्यांतल्या स्त्रीपार्टी पोराची थट्टा करतांना त्याच्या आवाजाचीच काळजी व्यक्त करतो. फुटका आवाज म्हणजे त्या पोराच्या पोटावर पाय. ‘ॲज यू लाइक इट’ मधला जेक्विझ तर माणसाच्या सात अवस्था मोजतांना सहाव्या अवस्थेंत म्हाताऱ्याचा भरदार आवाज पुन्हां पोरवयाच्या पातळपणाकडे वळतांना दाखवितो. हें निरीक्षण अचूक आहे आणि वर्गांत मी त्याची वाखाणणीही करीत आलों. परंतु त्या सात अवस्थांत एकही बाई नाहीं. बाळ, शाळकरी पोर, प्रियकर, शिपाई, न्यायाधीश, म्हातारा; सारे पुरुष. जेक्विझच्या पलीकडच्या खोलींत त्या म्हाताऱ्याची बायको असेलच, आणि नवऱ्याचा आवाज वर चढत असतांना तिचा खालीं उतरत असेल; पण तिकडे कान द्यायला जेक्विझला सवड झाली नाहीं. माझ्या घरांत ती खोली पलीकडची नव्हती, म्हणून मला द्यावा लागला.

आमच्या सांगलीला नाटकाचा अभिमान फार. १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं येथें ‘सीतास्वयंवर’ केलें, हें येथल्या पोरासोरांनाही पाठ असतें. त्या रंगभूमीला फुटलेल्या घांटीचा हिशेब शेक्सपिअरच्या मंडळीइतकाच ठाऊक होता. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) हे लहानपणीं किर्लोस्कर नाटकमंडळींत होते. ‘रामराज्यवियोगां’तली त्यांची कैकेयी रसिकांनीं उचलून धरली होती, पण वयांत येतांना आवाज फुटला आणि मंडळींतला त्यांचा भाव उतरला. ते निघून बडोद्याला फैज महंमदखांकडे गाणें शिकण्यास गेले. ज्या गळ्याला नाटकानें निकालांत काढलें त्याच गळ्यापुढें नंतर सबंध हिंदुस्थान बसला. आणि १९१६ सालीं ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली देतांना ते त्याच रंगभूमीला गाणें शिकवीत होते. शिकणारे होते बालगंधर्व. बालगंधर्वांचें तर आणखीच निराळें. त्यांनीं रुक्मिणी केली, सिंधू केली, पण गाण्यासाठीं खोटा, किनरा आवाज कधीं लावला नाहीं. ध्वनिमुद्रिका ऐका: घांटी फुटलेल्या पुरुषाचाच तो गळा आहे. महाराष्ट्रानें त्याला स्त्रीचा आवाज म्हणून मानलें आणि त्यावर जीव ओवाळून टाकला. म्हणजे पुरुषाच्या पट्टींत गाणारी रुक्मिणी आपल्या कानांना चालली होती. ही गोष्ट पुढें उपयोगीं पडणार आहे, म्हणून येथें नोंदून ठेवतों.

माझी पत्नी गाते. ‘गाते’ असें लिहावयाचें कीं ‘गात असे’ असें, हाच मागल्या वर्षीं आमच्या घरांतला प्रश्न होता. पेटीवरच्या ज्या सुराला गाणारा आपला षड्ज मानतो त्याला त्याची पट्टी म्हणतात. पुरुष बहुधा काळी एकच्या आसपास बसतात, बायका काळी चार किंवा पांचला. लग्न झालें तेव्हां तिची पट्टी काळी पांच होती. चाळिशीनंतर केव्हां तरी तिनें काळी चार धरली आणि कोणाला सांगितलें नाहीं. पन्नाशी उलटल्यावर काळी चारही जड जाऊं लागली. तारसप्तकाच्या पंचमाला सूर पोंचे, पण टोंकाशीं जाऊन बसकट होई. एका संगीतसंस्थेच्या वार्षिक उत्सवांत ती वीस वर्षें नाट्यपदें म्हणत आली होती. मागल्या वर्षीं तिथले एक गृहस्थ घरीं आले, चहा घेतला, प्रकृतीची चौकशी केली, आणि उठतां उठतां म्हणाले, “बाई, यंदा शिष्यांनाच गाऊं द्या. तुम्ही आतां मार्गदर्शन करा.” मार्गदर्शन हा शब्द निवृत्तीचा हार म्हणून आपल्याकडे किती जणांच्या गळ्यांत पडतो! ते गेल्यावर तिनें तंबोऱ्याला गवसणी घातली. शिकवण्या चालूं राहिल्या, पण स्वतःचा सकाळचा रियाज बंद झाला. मला तो बंद झालेला पहिल्या दिवशीं कळला नाहीं; तिसऱ्या दिवशीं मी उशिरा उठलों, तेव्हां कळला.

पुढें दोन महिन्यांनीं तिचा आवाज सर्दीनंतर आठवडाभर बसला तेव्हां आम्हीं घशाच्या डॉक्टरांकडे गेलों. गांठीची धास्ती होती. दोघांच्याही मनांत होती आणि दोघांनींही ती बोलून दाखविली नव्हती. डॉक्टरीणबाईंनीं तोंडावाटे एक दुर्बीण आंत घातली, तिला “ई” म्हणावयास लावलें आणि आमच्या समोरच्या पडद्यावर तिचा गळा उजळला.

ज्या आवाजाबरोबर मी तीस वर्षें राहिलों तो कोठून येतो हें मीं प्रथमच पाहिलें. मोत्यासारख्या पांढुरक्या, ओलसर दोन कडा. श्वास घेतला कीं त्रिकोणासारख्या उघडणाऱ्या, सूर लावला कीं मिटून लहरूं लागणाऱ्या. डोळ्याला ही लहर खरी म्हणजे दिसूंच नये, इतकी ती जलद असते. पण दुर्बिणीचा दिवा सुराच्या गतीच्या किंचित् मागें पुढें लुकलुकत राहतो, आणि प्रत्येक लकेरींतला थोडा पुढचा क्षण दाखवीत दाखवीत सबंध लाट सावकाश उलगडून दाखवितो. हें पहिल्यानें पाहणारा मनुष्य डॉक्टर नव्हता, गायनशिक्षक होता. मॅन्युएल गार्सिया हा स्पॅनिश घराण्यांतला गायक तरुणपणींच रंगभूमि सोडून शिकवूं लागला. १८५४ सालीं पॅरिसमध्यें त्यानें दंतवैद्याचा छोटा आरसा स्वतःच्या घशांत धरला, दुसऱ्या आरशानें त्यावर सूर्याचा कवडसा टाकला, आणि गात असतांना आपलाच गळा पाहिला. पुढच्या वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें त्याचा वृत्तांत वाचला गेला. हा गृहस्थ १८०५ सालीं जन्मला आणि १९०६ सालीं वारला. शंभरीपर्यंत त्याच्या गळ्यांत काय काय पालट झाला असेल! तो पाहण्यास सर्वांत योग्य माणूस तोच होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गांठ नाहीं. या वयांत बायकांना येते तशी थोडी सूज आहे. हा आजार नव्हे.” आमचा जीव भांड्यांत पडला. पण घरीं येतांना रिक्षांत पत्नी म्हणाली, “आजार असता तर औषध तरी असतें.”

या एका वाक्यानें मला पुढचे कित्येक आठवडे पुस्तकांत बसविलें. इंग्रजीच्या प्राध्यापकानें शरीरशास्त्राच्या गल्लींत शिरावें हें आमच्या विज्ञानशाखेंतल्या मित्रांना विनोदी वाटलें. परंतु ज्याची उपजीविका गळ्यावर चालते त्यानें पन्नाशीपर्यंत गळ्यांत काय आहे हें न पाहावें, हें मला त्याहून विनोदी वाटतें.

‘स्वरतंतु’ हा शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांनीं रूढ केला, पण तो फसवा आहे. इंग्रजींतही पूर्वीं तार म्हणत. आतां घडी म्हणतात, आणि तेंच बरोबर आहे. श्वासनलिकेच्या माथ्यावर, समोरून मागें गेलेल्या, ओंठांसारख्या दोन घड्या आहेत. त्यांच्या आंतली रचना हिरानो या जपानी शास्त्रज्ञानें १९७४ सालीं अशी मांडली, कीं तिच्यावांचून आज आवाजाविषयीं बोलतां येत नाहीं. वर पातळ त्वचा. तिच्याखालीं खळीसारखा मऊ, ओलसर थर. त्याखालीं रबरासारख्या लवचिक तंतूंचा दुसरा. त्याखालीं सुतासारख्या चिवट तंतूंचा तिसरा. आणि सर्वांच्या तळाशीं स्नायु. तळचा स्नायु घट्ट धरतो आणि वरचें आवरण त्यावर सैलपणें लहरतें. आवाज म्हणजे ही लहर. वरचें आवरण सैल राहिलें नाहीं, किंवा तळचा स्नायु घट्ट राहिला नाहीं, कीं लहर बिघडते. हजार प्रकारच्या आवाजांचें रहस्य पुष्कळसें एवढ्यांत आहे.

नुकत्याच जन्मलेल्या बाळांत हे थर वेगळे झालेलेच नसतात. सगळा एक मऊ गोळा असतो, आणि घडीची लांबी तीन मिलिमीटरच्या आसपास. म्हणून त्याचें रडणें सेकंदाला चार-पांचशें कंपनांचें असतें, आणि भिंतीपलीकडून ऐकून तो मुलगा कीं मुलगी हें सांगतां येत नाहीं. पुढें बालपणांत हळूहळू एकेक थर निराळा होऊं लागतो. ही घडण पुरी व्हावयास वयांत येण्याचा काळ यावा लागतो. मग वाटा फुटतात. मुलाच्या गळ्याची कूर्चा पुढें येते, घडी लांबते, जाड होते, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खालीं उतरतो. मुलीचाही उतरतो, पेटीच्या दोन-तीन स्वरांनींच, आणि गाजावाजा न होतां. आपल्या भाषेंत मुलाच्या या पालटाला वाक्प्रचार आहे, मुलीच्या पालटाला नाहीं. प्रौढ पुरुषांत घडी सतरा ते एकवीस मिलिमीटर भरते, स्त्रियांत अकरा ते पंधरा. पुरुष बोलतो तेव्हां ती सेकंदाला सुमारें सव्वाशें वेळां मिटते. स्त्री बोलते तेव्हां सुमारें दोनशें वेळां.

हा शेवटचा आंकडा मीं कागदावर गुणून पाहिला. तासाच्या व्याख्यानांत आपण अर्धा तास प्रत्यक्ष आवाज काढतों असें धरलें, तर माझ्या घड्या दोन लक्ष पंचवीस हजार वेळां एकमेकींवर आपटतात आणि शेजारच्या वर्गांत शिकविणाऱ्या बाईंच्या तीन लक्ष साठ हजार वेळां. शिवाय त्या मऊ थरांत धक्का सोसणारें जें चिकट द्रव्य असतें तें स्त्रियांच्या गळ्यांत पुरुषांहून कमी आढळतें. मार्च महिना आला कीं आमच्या महाविद्यालयांतल्या कित्येक अध्यापिकांचे आवाज कां बसतात, याला आम्ही पुरुष मंडळी इतकीं वर्षें ‘बायका फार बोलतात’ एवढेंच उत्तर देत आलों. त्या बोलतात आमच्याइतक्याच. त्यांचा गळा एका शब्दाला आमच्याहून दीडपट अधिक टाळ्या पिटतो.

आणि उतरत्या वयांत? पुरुषाच्या गळ्यांत लवचिक तंतु विरळ होतात, चिवट तंतूंचा गुंता वाढतो, तळचा स्नायु वाळतो. घड्या पातळ होऊन धनुष्यासारख्या वांकतात. मिटल्या तरी मध्यें फट राहते आणि तिच्यांतून वारा निसटतो. पातळ झालेली वस्तु वरच्या सुरांत वाजते, हा साधा नियम. माझे वडील रोज सकाळीं ज्ञानेश्वरी वाचतात. पूर्वीं एका ओवीचे साडेतीन चरण ते एका श्वासांत म्हणत आणि तें रस्त्यावर ऐकूं येई. आतां एका ओवीला दोनदां थांबतात. डॉक्टरीणबाईंनीं गळ्याचे व्यायाम सुचविले, फट भरून काढणारें इंजेक्शन असतें असेंही सांगितलें. वडील म्हणाले, “ज्ञानेश्वरांना वाट पाहण्याची संवय आहे.”

स्त्रीच्या गळ्यांत असा वाळवंट सहसा होत नाहीं. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीत्वाचे अंतःस्राव ओसरतात, आणि पुरुषी म्हणून ओळखले जाणारे जे अंतःस्राव तिच्या शरीरांत थोड्या प्रमाणांत आधींपासून असतात त्यांचा प्रभाव सापेक्षतेनें वाढतो. वरचा मऊ थर किंचित् सुजतो, घडी जड होते, आणि जड वस्तु खालच्या सुरांत वाजते. बाळपणीं एक असलेल्या, तारुण्यांत दूर गेलेल्या या दोन वाटा म्हातारपणीं पुन्हां एकमेकींकडे वळतात. आमच्या कारकुनाला बिचाऱ्याला शरीरशास्त्र येत नव्हतें इतकेंच.

हें सगळें मीं एका संध्याकाळीं पत्नीला उत्साहानें सांगितलें. आवाज ‘गेला’ हा शब्दच चुकीचा आहे. तो सरकला आहे. खालचे सूर पूर्वींपेक्षां भरीव झाले आहेत. गंगूबाई हनगलांचें काय, त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकांतला आवाज उंच आणि बारीक आहे, आणि घशावरच्या उपचारानंतर तो जो खोल, पुरुषी झाला त्याच आवाजानें त्या गंगूबाई झाल्या. बालगंधर्वांची रुक्मिणी पुरुषाच्या पट्टींत चालते, तर खऱ्या बाईनें दोन स्वर खालीं उतरून गावें यांत कोणाच्या कानांना काय दुखतें, वगैरे. तिनें सगळें ऐकून घेतलें. मग म्हणाली, “गंगूबाईंचा आवाज पालटला तेव्हां त्या तरुण होत्या. नव्या गळ्याशीं ओळख करून घ्यायला त्यांच्यापुढें पन्नास वर्षें होतीं. मला जो गळा तीस वर्षें कमावावा लागला तो तर हातचा गेलाच ना? तुमच्या पुस्तकांत त्याला काय म्हणतात?”

माझ्या पुस्तकांत त्याला कांहीं म्हणत नव्हते. शास्त्र सांगतें तें खरें असतें, आणि तिचें दुःखही खरें होतें. एकानें दुसऱ्याचें खंडन होत नाहीं. तारसप्तकांतला तो पंचम मीही ऐकलेला आहे. पावसाळ्यांत, दारें लावलेल्या माजघरांत, सकाळीं साडेपांचला. तो आतां लागणार नाहीं. त्यावर ‘सूज ही नैसर्गिक आहे’ असें सांगणें म्हणजे नदीचा पूल वाहून गेलेल्या गांवकऱ्याला पर्जन्यमान समजावून देण्यासारखें आहे.

पण त्या उत्सवाच्या गृहस्थांविषयींचा माझा राग मात्र त्या पुस्तकांनीं वाढविला. त्याच उत्सवांत सत्तरी उलटलेले एक बुवा दरवर्षीं गातात. त्यांचा सूर थरथरतो, श्वास पुरत नाहीं, तारषड्जाला ते हात वर करून वेळ मारून नेतात. आणि समोरची मंडळी ‘काय तपश्चर्या आहे!’ म्हणून माना डोलावतात. त्यांनीं गाऊं नये असें मी म्हणत नाहीं. मी स्वतःही मान डोलावतों, आणि मनापासून. माझी तक्रार कानांच्या दोन मापांविषयीं आहे. त्यांच्या घड्या वाळल्या तर तें तप, हिच्या सुजल्या तर तें मार्गदर्शन! लिअर राजानें कॉर्डेलियाचा आवाज आठवून रडतांना तो मंद होता, आणि स्त्रीला तें शोभतें, असें म्हटलें आहे. मंद आणि मंद्र यांतला फरक लिअरच्याही कानांना नीटसा ठाऊक होता असें दिसत नाहीं. हळू बोलणारी बाई सर्वांना हवी असते. खालच्या सुरांत बोलणारी दिसली कीं लोक तिला लिंबूपाणी सुचवितात.

मार्गशीर्षांत भाच्यानें एक निराळीच अडचण आणली. त्याला शाळेच्या संमेलनांत एक अभंग म्हणायचा होता, आणि पेटीवर कोठेंही सूर धरला तरी मध्यमाच्या वर त्याचा गळा खडखडे. “मामी, मला पट्टी काढून दे,” म्हणून तो तिच्या मागें लागला. तिनें पेटी उघडली आणि एकेक सूर दाबून त्याला म्हणावयास लावलें. शोधतां शोधतां दोघें काळी तीनवर येऊन थांबलीं. त्या सुरांत त्याचा गळा दहापैकीं सात वेळां तरी फुटत नव्हता. “या वयांत ओरडूं नकोस,” ती त्याला म्हणाली, “आणि जुना सूर हुडकीत बसूं नकोस. तो आतां तेथें नाहीं.” मी शेजारच्या खोलींत उत्तरपत्रिका तपासत होतों. तीं वाक्यें तिनें त्याला उद्देशून म्हटलीं होतीं.

तंबोऱ्याची गवसणी त्या आठवड्यांत निघाली. पण काळी तीनला तो तंबोरा बोलेना. बायकांचा तंबोरा लहान असतो. त्याच्या तारा काळी चार-पांचच्या ताणासाठीं निवडलेल्या असतात, आणि दोन स्वर खालीं उतरविल्या कीं सैल पडून नुसत्या फडफडतात. मिरज येथून जवळच. आम्ही तो घेऊन तिकडच्या एका कारागिराकडे गेलों. म्हाताऱ्या कारागिरानें तारा बोटानें छेडल्या, भोपळ्यावर कान टेकला, आणि “पट्टी उतरली काय?” म्हणून विचारलें; माणूस वारला काय, असें नव्हे, पाऊस पडला काय, अशा सुरांत. तिनें “काळी तीन” म्हणून सांगितलें. तो म्हणाला, खांब तोच राहील, घोडीची जव्हारी पुन्हां काढावी लागेल, आणि तारा जाड घालाव्या लागतील. मग त्यानें तारांचीं वेटोळीं समोर मांडलीं आणि तिनें दोन बोटांत धरून एकेक पारखली. खर्जाची निवडायला तिला सर्वांत अधिक वेळ लागला. तंबोरा पंधरा दिवसांनीं न्या, असें त्यानें सांगितलें. तिनें आठ दिवसांत हवा म्हणून घासाघीस केली, आणि शेवटीं दहा दिवसांवर तोड निघाली.